धरणाची तपासणी धरणाच्या मालकाकडे नको

जुलै उजाडला की महाराष्ट्राच्या बोलण्यात टक्के येतात. खडकवासला साखळीत किती टक्के पाणी झालं, कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, जायकवाडीत आवक किती क्युसेकने सुरू आहे, हे चहाच्या टपरीवरही ठाऊक असतं. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, यावरून कोल्हापूरकर पंचगंगा कुठवर चढेल याचा अंदाज बांधतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. मात्र हे पाणी ज्या भिंतीमागे उभं आहे, त्या भिंतीची अवस्था काय, असं विचारलं की सगळे गप्प. पावसाळ्याआधी तिची तपासणी कोणी केली, तीत काय सापडलं, दुरुस्तीचं काय राहिलं, यातलं काही वर्तमानपत्रात छापून येत नाही आणि गावच्या चावडीवरही कोणी सांगत नाही.

धरण ज्या खात्याचं, त्याच खात्याने ते तपासायचं, त्यानेच शेरा मारायचा आणि कागद त्याच खात्याच्या कपाटात ठेवायचा, ही पद्धत मोडली पाहिजे. तपासणारा खात्याबाहेरचा असावा आणि त्याने काय पाहिलं ते धरणाखालच्या गावाला कळावं. 2021 चा धरण सुरक्षितता कायदा येऊनही ही गाठ सुटलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

2 जुलै 2019 च्या रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. खालची भेंदवाडी पाण्यात गेली. वीसच्या आसपास माणसं मेली. गाव झोपेच्या तयारीत असताना, भर पावसात, अंधारात पाण्याचा लोंढा आला. पळायला वेळच मिळाला नाही. धरण जुनंपुराणं नव्हतं, जेमतेम वीस वर्षांचं होतं. आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती.

त्यानंतर दोन दिवसांत तत्कालीन जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण दिलं. राज्यभर चेष्टा झाली. मला ती चेष्टा तेव्हाही रुचली नाही, कारण हसण्याच्या भरात विधानातली सर्वांत गंभीर गोष्ट निसटून गेली. मातीच्या भरावाला खेकडे, घुशी, उंदीर बिळं पाडतात, हे खरं आहे. बिळं शोधणं आणि बुजवणं हा मातीच्या धरणाच्या नेहमीच्या तपासणीचा भागच आहे. धरण फुटावं इतकी पोखरण एका रात्रीत होत नाही, त्याला काही पावसाळे जावे लागतात. तेव्हा खेकड्यांचं कारण खरं मानलं, तर त्या पावसाळ्यांत तपासणीला कोणी गेलंच नाही, किंवा गेलं आणि बिळं दिसली नाहीत, किंवा दिसली आणि नोंद होऊन पडून राहिली. तिन्हींपैकी काहीही झालं असलं तरी जबाबदारी खेकड्यावर येत नाही. आदल्या वर्षी, 27 सप्टेंबर 2018 ला, पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि जनता वसाहतीतल्या घरांत पाणी शिरलं, तेव्हाही तत्कालीन जलसंपदा मंत्री गिरीश महाजन यांच्याकडून उंदीर-घुशींचंच कारण ऐकायला मिळालं होतं. लागोपाठच्या दोन वर्षांत एकच कारण पुढे येतं आणि भराव तपासणाऱ्या यंत्रणेला मात्र कोणी प्रश्न विचारत नाही.

मातीच्या धरणाच्या तपासणीला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. लागतात पाय आणि डोळे. धरणाच्या माथ्यावरून गाडीने एक फेरी मारून ते काम होत नाही; खाली उतरून पायथ्यापायथ्याने चालावं लागतं. मातीच्या धरणातून थोडा झिरपा असतोच, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पाहायचं ते हे, की झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ. स्वच्छ असेल तर ते मोजायचं. पायथ्याच्या चरावर त्यासाठी व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेली आडवी पाटी, बसवलेला असतो, त्यावरून मागच्या वर्षीपेक्षा झिरपा वाढला का ते कळतं. गढूळ येऊ लागलं, तर पाण्याबरोबर भरावाची माती आतून निघून चालली आहे असा त्याचा अर्थ, आणि मग फायलीवर टिपणी लिहीत बसायला वेळ उरलेला नसतो. भरावावर वाढलेली झाडं पाहायची, कारण त्यांची मुळं आत वाट करतात. पाण्याच्या बाजूचं दगडी अस्तर, म्हणजे पिचिंग, कुठे घसरलंय ते पाहायचं, माथा कुठे बसलाय ते पाहायचं. जास्तीचं पाणी वाहून जायच्या वाटेत, म्हणजे सांडव्यात, राडारोडा अडकलाय का, तेही पाहायचं. यातलं निम्मं काम गावातला गुराखीही करू शकतो आणि कित्येकदा त्याच्याच नजरेला ते आधी पडतं. तिवऱ्याच्या लोकांनी गळती पाहिली होती. त्यांनी पाहिलेलं ज्याच्याकडे पोहोचलं, तोच धरणाचा मालक होता आणि तपासणारा विभागही त्याचाच, हे खरं दुखणं आहे.

माहिती आत दाबून ठेवायची सवय किती महागात पडते, हे पुण्याला कोणी शिकवायला नको. पानशेतच्या धरणाचं काम पुरं झालेलं नसताना 1961 च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठवलं गेलं. पाणी बाहेर सोडणाऱ्या विमोचकाचं काम अपुरं होतं, भरावाखालून जाणारा त्याचा बोगदा लोखंडी सळ्यांशिवाय बांधलेला होता. त्याच्यावरचा भराव खचू लागला. 11 जुलैच्या रात्री लष्कराचे जवान खचणाऱ्या माथ्यावर गोण्या रचत राहिले. त्या जवानांच्या कष्टांमुळे धरण पहाटेपर्यंत तगलं आणि लोंढा अंधारात न येता दिवसा आला, म्हणून हजारो जीव वाचले. 12 जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं, दुपारी त्याच्या पाण्याने खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही फोडली. इकडे धरणावर रात्रभर शर्थ चालली होती आणि चाळीस किलोमीटरवरच्या पुण्यातली माणसं सकाळी डबे घेऊन कामाला निघाली होती, मुलं शाळेत गेली होती. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते शहराला वेळेत आणि स्पष्ट सांगितलं नाही. पुढे बावडेकर आयोग नेमला गेला, मग नाईक आयोग. अभियांत्रिकीतल्या चुकांची चर्चा पुष्कळ झाली. पण ज्यांच्या घरात पाणी शिरणार आहे त्यांना आधी कळण्याचा हक्क आहे, हे पानशेतनंतर सरकारी व्यवहारात रुजायला हवं होतं. ते रुजलं नाही.

गुजरातेत तर चौकशीही पुरी होऊ दिली नाही. 11 ऑगस्ट 1979 ला मच्छू-2 धरण फुटलं आणि मोरबी शहर वाहून गेलं. मृतांचे आकडे आजही काही हजारांपासून पुढे वेगवेगळे सांगितले जातात. सांडव्याची क्षमता ज्या पुरासाठी धरली होती, त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आलं. त्यासाठी नेमलेला चौकशी आयोग अहवाल येण्याआधीच सरकारने गुंडाळला. सरकार स्वतःच मालक, स्वतःच बांधणारं आणि स्वतःच चौकशी करणारं असलं की शेवट हा असा होतो.

आता 2021 च्या कायद्याकडे. तो 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. त्याचं श्रेय द्यायला हवं, कारण त्याआधी धरण सुरक्षिततेसाठी देशभर लागू होईल असा कायदाच नव्हता. चाललं होतं ते मार्गदर्शक सूचनांवर. आता पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्येक मालकाला सुरक्षितता कक्ष ठेवावा लागतो, आणीबाणीचा कृती आराखडा करावा लागतो. ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून धरणाचं सर्वंकष मूल्यमापन करून घ्यावं लागतं. कायद्याखालच्या अधिकाऱ्यांना अडथळा आणला किंवा त्यांचे निर्देश पाळले नाहीत आणि त्यातून जीव गेले, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. केंद्रात राष्ट्रीय धरण सुरक्षितता प्राधिकरण उभं राहिलं आहे.

पण राज्याच्या पातळीवर काय होतं ते पाहा. राज्य धरण सुरक्षितता संघटना राज्य सरकारच स्थापन करतं आणि ती धरणांचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्याच छत्राखाली राहते. कायद्याने नेमायच्या राज्य धरण सुरक्षितता समितीचं अध्यक्षपद खात्याच्या प्रमुख अभियंत्याकडे. आपल्याकडे नाशिकची धरण सुरक्षितता संघटना या कायद्याच्या कितीतरी आधीपासून, 1980 पासून आहे. महाराष्ट्राने हा विचार लवकर केला, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि तिथे मनापासून काम करणारे अभियंते आहेत, हेही मान्य. मात्र ती जलसंपदा विभागाची आहे. आज तिथे असलेला अधिकारी उद्या बदलीने बांधकामाच्या मंडळात जातो, परवा ज्या धरणावर त्याने शेरा मारला त्या धरणाच्या कार्यकारी अभियंत्याच्या हाताखाली येऊ शकतो. अशा रचनेत एखाद्या धरणाला पहिल्या वर्गातला, म्हणजे तातडीने दुरुस्त न केल्यास फुटू शकेल असा दोष लावायला किती धैर्य लागेल, याचा विचार करावा. सहकारी पतसंस्थेचं लेखापरीक्षण तिच्याच सचिवाने करावं, हे आपल्या राज्यात कोणी ऐकूनही घेणार नाही. पैशांच्या बाबतीत जे आपल्याला कळतं, ते माणसांच्या जिवाच्या बाबतीत का कळू नये?

तज्ज्ञ मंडळाबद्दलही तेच. मंडळ स्वतंत्र म्हणायचं, पण मूल्यमापन करून घ्यायची जबाबदारी मालकाची. शिवाय तपासणीचा अहवाल आणि त्यावरची कार्यवाही धरणाखालच्या नागरिकापर्यंत मराठीत, त्याला समजेल अशा भाषेत पोहोचवायची यंत्रणा कुठे दिसत नाही.

बाहेरची नजर आली की काय फरक पडतो, ते मेडीगड्ड्याने दाखवलं. गोदावरीवरचा हा बंधारा तेलंगणाचा, पण त्याचा एक काठ गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांनी मागे साचणाऱ्या पाण्याने शेतं बुडतात म्हणून आंदोलनं केली आहेत. 2019 मध्ये थाटात लोकार्पण झालेल्या या बंधाऱ्याच्या सातव्या भागातले खांब 21 ऑक्टोबर 2023 ला खचले. राष्ट्रीय प्राधिकरणाचं पथक काही दिवसांत पोहोचलं. मागितलेली सगळी कागदपत्रं त्यांना मिळाली नाहीत, तरीही त्यांनी नियोजन, आराखडा, कामाचा दर्जा आणि देखभाल या चारही गोष्टींत दोष असल्याचं लिहून दिलं. ते सगळं वर्तमानपत्रांत आलं आणि विधानसभेच्या निवडणुकीत गाजलं. त्यावर राजकारण झालं, हे खरं. पण खांब खचायच्या आधीच्या चार वर्षांत असं एकही पान लोकांसमोर आलं नव्हतं. ते आधी यायला हवं होतं. तपासणी ही मुळात फुटायच्या आधी करायची गोष्ट आहे.

यावर खात्यातल्या मंडळींचं उत्तर मला माहीत आहे, कारण ते अनेकदा ऐकलं आहे: अहवाल उघड केले तर लोक घाबरतील, अफवा पसरतील. या म्हणण्याला महाराष्ट्राच्याच इतिहासात उत्तर आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने कोयनेच्या भिंतीच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. ही गोष्ट लपवली गेली नाही. जगभरच्या अभियंत्यांनी त्या भेगांचा अभ्यास केला, भिंतीला मागून आधार देऊन ती बळकट केली गेली, त्या कामाची माहिती अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकवली गेली. कोयनेखालचा कराड-पाटणचा माणूस आजही त्या धरणाखाली राहतो, शेती करतो. खरी माहिती मिळाली म्हणून तो पळून गेला नाही. अफवा पसरतात त्या माहिती दडवल्यामुळे. धरणाच्या भिंतीला भेग पडल्याची मोबाइलवरची चित्रफीत खरी की खोटी, हे सांगायला अधिकृत अहवालच उपलब्ध नसेल तर लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा?

ब्रिटनचं उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण आपली पाटबंधारे खात्याची घडी त्यांच्याकडूनच आली. 1925 मध्ये वेल्समधल्या डॉलगॅरोग गावात वरचे बांध फुटून 16 माणसं गेली आणि 1930 मध्ये कायदा झाला. तो 1975 मध्ये आणखी कडक झाला. त्यानुसार मोठ्या जलाशयाची किमान दहा वर्षांतून एकदा अधिकृत यादीतल्या, मालकाशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून तपासणी होते, आणि सुरक्षिततेसाठी त्याने सांगितलेलं काम मालकाला करावंच लागतं. एवढं असूनही तिवऱ्याच्या नंतर महिन्याभरातच, 1 ऑगस्ट 2019 ला, व्हेली ब्रिज गावावरच्या टॉडब्रूक या जुन्या मातीच्या धरणाचा सांडवा उखडला. म्हणजे स्वतंत्र तपासणी ही काही जादूची कांडी नाही. पण तिथे सुमारे पंधराशे माणसांना वेळेत बाहेर काढलं गेलं आणि एकही जीव गेला नाही. पुढे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल पुढच्याच वर्षी सगळ्यांना वाचायला मिळाला. सांडव्याच्या रचनेतले आणि देखभालीतले दोष त्यात स्पष्ट लिहिलेले होते. एकाच उन्हाळा-पावसाळ्यात, एकाच जातीच्या दोन धरणांवर, इतका फरक.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: तपासायला माणसं कुठून आणायची आणि दुरुस्तीला पैसा कुठून? हा प्रश्न खरा आहे. देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांच्या पुढे. देशात शंभरी ओलांडलेली धरणं दोनशेहून जास्त आहेत. दुरुस्तीसाठी केंद्राने जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात 736 धरणांसाठी 10,211 कोटी रुपये धरले आहेत. रक्कम मोठी वाटते, पण धरणांच्या संख्येकडे पाहिलं की ती तोकडी पडते.

पैशाइतकीच अडचण मनोवृत्तीची आहे. नदीचं पात्र शेवटी बुजवून धरण पुरं करतात त्या घळभरणीला मंत्री येतात, नारळ फुटतात, पहिल्यांदा धरण भरलं की ओटी भरली जाते. दरवाजाच्या साखळीला ग्रीस लावलं म्हणून कोणी फोटो काढत नाही. दरवाजे हा तर धरणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. 19 नोव्हेंबर 2021 ला आंध्र प्रदेशात चेय्येरू नदीवरचं अन्नमय्या धरण फुटलं, तेव्हा त्याच्या पाच दरवाजांपैकी एक नादुरुस्त होता. पूर आला आणि पाणी सोडायची पुरेशी वाटच नव्हती. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुंगभद्रेच्या 33 दरवाजांपैकी एकोणिसाव्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. सुदैवाने धरणाला धक्का पोहोचला नाही, मात्र पर्यायी फळ्या बसेपर्यंत शेतीचं कित्येक टीएमसी पाणी वाहून गेलं. आपल्या राधानगरीतही डिसेंबर 2021 च्या अखेरीस देखभालीचं काम चालू असताना दरवाजा उघडाच अडकला आणि भर हिवाळ्यात भोगावतीला पाणी आलं. तीनही ठिकाणी प्रश्न एका साखळीचा, एका दरवाजाचा, म्हणजे तुलनेने थोड्या पैशात वेळच्या वेळी होऊ शकणाऱ्या कामाचा होता. स्वतंत्र तपासणी असती, तिचा निष्कर्ष जाहीर असता, तर अर्थसंकल्पात या कामाला पैसे मागताना खात्याचाच हात बळकट झाला असता. प्रामाणिक अभियंत्याने या सुधारणेला विरोध करण्याचं कारण नाही. आज तो फायलीत एकटा ओरडत असतो.

कायद्याबाहेर राहिलेल्या धरणांचा विचार तर कोणीच करत नाही. 15 मीटरपेक्षा उंच धरणं कायद्यात येतात, आणि 10 ते 15 मीटरमधली काही, लांबी-साठा-पूर अशांपैकी एखादी अट पूर्ण करणारी. त्याखालचे लघु तलाव, पाझर तलाव, गावतळी जिल्हा परिषद, जलसंधारण आणि ग्रामपंचायत यांच्यामध्ये विखुरलेली आहेत. त्यांच्या खाली वस्त्या आहेत, शाळा आहेत. पाझर तलाव फुटून शेतं खरवडून गेल्याच्या बातम्या प्रत्येक मोठ्या पावसाळ्यात मराठवाड्यात येतात आणि पंचनाम्यावर संपतात. उंचीचा निकष लावताना खाली माणसं किती राहतात हे आधी मोजायला हवं होतं. राज्याला ही त्रुटी स्वतःच्या नियमांनी भरून काढता येईल.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2017 मध्ये नोंदवलं होतं, की मार्च 2016 पर्यंत देशातल्या 4,862 मोठ्या धरणांपैकी फक्त 349 धरणांचा आणीबाणीचा आराखडा तयार होता. शंभरातली सात धरणं. कायद्याने आता हे आराखडे आणि पहिलं सर्वंकष मूल्यमापन पुरं करायला पाच वर्षं दिली, ती मुदत 30 डिसेंबर 2026 ला संपते. शेवटच्या महिन्यांत घाईघाईने छापील नमुने भरले जाण्याची भीती मला वाटते. धरण फुटलं तर पाणी कोणत्या वाडीत किती मिनिटांत पोहोचेल, कोणत्या टेकाडावर जायचं, भोंगा कोण वाजवणार आणि वीज गेली असली तर काय, हे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय लिहिलेला आराखडा कागदोपत्रीच राहणार.

महाराष्ट्राला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. केंद्राचा कायदा किमान काय करायचं ते सांगतो, त्याहून जास्त करायला राज्याला मनाई नाही. नाशिकची संघटना जलसंपदा विभागातून बाहेर काढून तिला स्वतःचा अर्थसंकल्प आणि स्वतःची भरती देता येईल. तिथल्या अधिकाऱ्याची परत बांधकाम मंडळात बदली होणार नाही, असा नियम करता येईल. राज्य समितीवर निवृत्त न्यायाधीश किंवा आयआयटीतला प्राध्यापक अध्यक्ष म्हणून बसवता येत नसेल, तर बाहेरच्या सदस्यांचं मत वेगळं नोंदवून प्रसिद्ध करण्याची सक्ती करता येईल. मूल्यमापन करणारं तज्ज्ञ मंडळ मालकाने न निवडता चिठ्ठीने किंवा प्राधिकरणाच्या यादीतून दुसऱ्या राज्यातलं नेमता येईल.

आणि गावापर्यंत माहिती पोहोचवायला नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. आपल्याकडे 1 मे आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. एक पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरी तो सरताना. तपासणीचं वेळापत्रक जवळजवळ हेच. 1 मेच्या सभेत शाखा अभियंत्याने धरणाच्या मान्सूनपूर्व तपासणीचा अहवाल उभं राहून वाचावा: झिरपा किती, गढूळ की स्वच्छ, दरवाजे चालवून पाहिले का, मागच्या वर्षीचे कोणते शेरे तसेच राहिले आणि ते कधी पुरे होणार. गावकऱ्यांनी पाहिलेलं त्याच सभेत इतिवृत्तात नोंदवून घ्यावं, त्याची पोच द्यावी, आणि 2 ऑक्टोबरला त्या प्रत्येक नोंदीवर काय केलं ते सांगावं.